खिशातलं बटण आणि कोपऱ्यातला डस्ट कलेक्टर

एकच फळी कापायची आहे. चार बोटं कमी करायची, बस. टेबल सॉ समोर आहे. डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा आणि धूळ ओढून घेणारं यंत्र, मात्र खोलीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, आणि मधे कामाचं टेबल, त्यावर क्लॅम्प लावून वाळत ठेवलेला खोका. अशा वेळी कलेक्टर चालू करायला कोण जातं? मी तरी जात नसे. ‘एवढ्याशा कापाने काय होतंय’ असं म्हणायचं आणि करवत सुरू करायची. संध्याकाळी हिशेब केला तर असे एवढेसे काप पंचवीस-तीस झालेले असत, आणि पाच मिनिटांचं म्हणावं असं काम एक-दोनच.

जाड भुशाची मला फारशी फिकीर नाही. तो खाली पडतो, झाडून निघतो. खरी कटकट आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 10 मायक्रॉनहून बारीक कण हवेत तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर आत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीला कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टी त्या गटात असतात, आणि इथे तो पुरावा मुख्यतः नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा होता. म्हणजे कलेक्टर कितीही भारी घेतला तरी तो बंद असताना शून्य धूळ ओढतो. बटण हाताशी नसेल तर तो बराच वेळ बंदच असतो.

म्हणून मी रिमोटला चैन मानत नाही. पण रिमोट लावताना बहुतेक जण एक चूक करतात, मीही केली, आणि या लेखातला मोठा भाग त्या एका चुकीभोवतीच फिरणार आहे.

रिमोट नेमकं करतो काय

हातातल्या डबीत एक छोटी चिप असते. बटण दाबलं की ती रेडिओ लहरींवर एक ठरावीक आकडा पाठवते, बहुधा 433 किंवा 315 मेगाहर्ट्झवर. भिंतीवरचा रिसीव्हर तो आकडा ओळखतो आणि आतल्या रिलेला वीज देतो. रिले म्हणजे तारेचं एक भेंडोळं आणि त्याच्यासमोर एक हलणारी पट्टी. भेंडोळ्यातून वीज गेली की ते लोहचुंबक होतं, पट्टी खेचतं, आणि चांदीच्या मिश्रधातूचे दोन छोटे ठिपके एकमेकांना टेकतात. ते टेकले की मोटर चालू. ‘टक्’ असा जो आवाज येतो तो त्या पट्टीचा.

टीव्हीच्या रिमोटसारखे इन्फ्रारेडवाले स्विचही मिळतात. ते वर्कशॉपच्या कामाचे नाहीत. त्यांना समोरासमोर नेम धरावा लागतो, आणि रिसीव्हरच्या डोळ्यावर महिन्याभरात भुशाचा थर बसतो. वायफायवाला स्विच फोनवरून चालतो. दिव्यांसाठी उत्तम, पण हातात फळी, बोटांना गोंद आणि फोन कुठेतरी जॅकेटच्या खिशात, अशा अवस्थेत तो काय कामाचा? साधा रेडिओ रिमोट न बघता दाबता येतो, भिंतीआडूनही चालतो. माझं मत तिथेच संपतं.

16 अँपिअरचं कोडं

बाजारात मिळणाऱ्या रिमोट स्विचवर ‘16 अँपिअर’ किंवा ‘30 अँपिअर’ असं छापलेलं असतं. कलेक्टरच्या मोटरवर लिहिलेलं असतं 2 एचपी, म्हणजे दोन अश्वशक्ती. माणूस हिशेब करतो: एक एचपी म्हणजे 746 वॅट, दोन म्हणजे 1492. मोटर थोडी वीज उष्णतेत घालवते, ती धरून 230 व्होल्टवर ही मोटर 9-10 अँपिअर घेते. (जिथे 120 व्होल्ट आहेत तिथे त्याच्या दुप्पट.) 10 हे 16 पेक्षा कमी, झालं काम. स्विच लावतो, कलेक्टर चालतो, माणूस खूश होतो.

हिशेब बरोबर आहे, पण तो फिरत असलेल्या मोटरचा आहे. उभ्या मोटरचा हिशेब वेगळा.

भरलेली हातगाडी जागची हलवताना जो जोर लागतो तो ती चालू लागल्यावर लागत नाही. इंडक्शन मोटरचं तसंच आहे. रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, थांबलेला असताना ती विजेला जवळजवळ शॉर्ट झालेल्या ट्रान्सफॉर्मरसारखी दिसते, आणि नेहमीच्या 5 ते 7 पट प्रवाह ओढते. म्हणजे आपली 10 अँपिअरची मोटर सुरू होताना 50 ते 70 अँपिअर मागते. रोटर वेग घेत जातो तसा हा आकडा उतरतो. हलक्या पात्याच्या यंत्रात हे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आटोपतं. डस्ट कलेक्टरच्या अक्षावर मात्र ताटाएवढा धातूचा पंखा बसवलेला असतो. त्याला पूर्ण वेगात यायला दोन, तीन, कधी चार सेकंद लागतात. तेवढा वेळ तो जड प्रवाह रिलेच्या त्या दोन चिमुकल्या ठिपक्यांमधून वाहत असतो.

त्यातच ठिपके टेकतात ते एकदाच टेकत नाहीत. चेंडू जमिनीवर टाकल्यावर जसा दोन-चार टप्पे घेतो तसेच तेही काही मिलिसेकंद उड्या मारतात, आणि प्रत्येक उडीला मधल्या फटीत ठिणगी पडते. प्रवाह जितका जास्त तितकी ठिणगी तापट. धातूचा पृष्ठभाग वितळतो, आणि वितळलेल्या अवस्थेतच दोन ठिपके पुन्हा एकमेकांवर दाबले जातात. हे वेल्डिंगच झालं. नव्या रिलेत स्प्रिंग ताजी असते, ती दर वेळी हा सांधा तोडते. काही शे वेळा झाल्यावर एक दिवस तोडू शकत नाही.

बंद करतानाही सुटका नाही. मोटरच्या गुंडाळीतून वाहणारा प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. ठिपके दूर झाले तरी तो हवेतून उडी मारून वाहू बघतो. सुदैवाने घरगुती वीज उलटसुलट वाहते, 50 हर्ट्झवर सेकंदाला 100 वेळा शून्यावर येते, आणि त्या शून्याच्या क्षणी ठिणगी विझते. पण तोवर ठिपक्यांवर खड्डा पडलेला असतो.

मग डबीवरचे ते 16 अँपिअर खोटे का? खोटे नाहीत. ते हीटरसाठीचे आहेत. हीटरच्या तारेला ना उभं राहायचं असतं ना वेग घ्यायचा असतो. ती जवळपास पहिल्या क्षणापासून तेवढाच प्रवाह घेते. त्याच रिलेच्या माहितीपत्रकात मोटरसाठीचा आकडा वेगळा दिलेला असतो, एचपीमध्ये, आणि तो बराच लहान असतो. स्विचच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापायचा हे विकणारा ठरवतो, एवढंच. खोक्यावर एचपीचा आकडा सापडलाच नाही तर तो स्विच मोटरसाठी नाही असं धरून चालावं.

माझा पहिला स्विच असाच होता. काही महिने मजेत चालला. मग एके दिवशी मी बंदचं बटण दाबलं, रिसीव्हरवरचा लाल दिवा विझला आणि कलेक्टर मात्र घोंगावतच राहिला. मी बटण सहा वेळा दाबलं. रिमोटचा सेल बदलला. (दिवा विझलेला दिसत असताना सेल का बदलला हे मला आजही सांगता येणार नाही.) शेवटी प्लग ओढला. डबीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारल्यावर ‘टक्’ झालं, चिकटलेले ठिपके सुटले, आणि मी शहाण्यासारखा तो स्विच फेकून देण्याऐवजी पुन्हा वापरायला घेतला. तिसऱ्या दिवशी तो परत चिकटला.

यातली वाईट गोष्ट चिकटण्याची दिशा आहे. स्विच मेला आणि मोटर बंद पडली तर चिडचिड होते, बाकी काही नाही. हा मरतो तो चालू अवस्थेत. म्हणजे ‘बंद कर’ हा निरोप पोचतो, दिवाही विझतो, पण काम होत नाही.

निरोप्याने ओझं वाहू नये

उपाय जुना आणि खात्रीचा आहे: काँटॅक्टर. तोही रिलेचाच भाऊ, फक्त हमाली करणारा. ठिपके मोठे, प्रत्येक वाटेवर दोन-दोन ठिकाणी तुटणारे, स्प्रिंग दणकट, ठिणगी विझवायला कप्पे केलेले. त्याच्या कॉइलला, म्हणजे आतल्या भेंडोळ्याला, मात्र जेमतेम काही वॅट लागतात. मग मांडणी अशी होते की मोटरचा जड प्रवाह काँटॅक्टरमधून जातो, आणि रिमोटचा रिले फक्त काँटॅक्टरच्या कॉइलला वीज देतो. रिमोटच्या ठिपक्यांतून जाणारा प्रवाह अँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी. निरोप्याने निरोप द्यावा, ओझं हमालाने उचलावं.

काँटॅक्टर निवडताना पुन्हा तोच दोन आकड्यांचा घोळ समोर येतो, पण इथे निदान तो प्रामाणिकपणे लिहिलेला असतो. ‘एसी-1’ पुढे असतो तो हीटरसारख्या भारासाठीचा आकडा, ‘एसी-3’ पुढे असतो तो मोटर सुरू करून चालत्या अवस्थेत तोडण्यासाठीचा. एसी-1 ला 25 अँपिअर सांगणारा काँटॅक्टर एसी-3 ला 9 च असू शकतो. आपल्याला एसी-3 बघायचा. 10 अँपिअरच्या मोटरला मी 16 किंवा 18 वाला घेईन. एक पायरी वर गेल्याने आकारात काही फारसा फरक पडत नाही.

काँटॅक्टरला खालून ओव्हरलोड रिले जोडला की मोटरलाही रखवालदार मिळतो. लाकडाचा तुकडा पंख्यात अडकला, मोटर घरघरत उभी राहिली, तर ओव्हरलोडमधल्या पट्ट्या तापून वाकतात आणि कॉइलची वीज तोडतात. त्याच्यावरच्या फिरवायच्या चकतीचं बोट मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावायचं. पंखा जड असेल तर नेहमीचा ओव्हरलोड मोटर सुरू होतानाच फसून वीज तोडू शकतो. तेव्हा बोट पुढे सरकवायचं नाही, उशिरा वीज तोडणाऱ्या वर्गाचा ओव्हरलोड घ्यायचा. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, तोही बघायला हवा. बी प्रकारचा एमसीबी 3 ते 5 पट प्रवाहाला झटक्यात पडतो, सी प्रकारचा 5 ते 10 पटींना. 16 अँपिअरचा बी प्रकार लावला असेल आणि कलेक्टर सुरू करताना कधी पडत असेल, कधी नसेल, तर दोष मोटरचा नाही.

एक बारीकसा त्रास आणखी: काँटॅक्टरची कॉइल तिची वीज तुटताना जो विजेचा झटका देते त्याने रिसीव्हरमधली चिप बावचळते, आपोआप बंद-चालू होते. कॉइलच्या दोन टोकांवर रेझिस्टर-कपॅसिटरचा तयार तुकडा लावला की हे थांबतं. बऱ्याच काँटॅक्टरवर तो टिचकीसरशी बसतो.

सॉलिड स्टेट रिले वापरा, त्यात ठिपकेच नाहीत, असा सल्ला कुणीतरी देतंच. ठिपके नाहीत हे खरं. पण तो प्रत्येक अँपिअरमागे साधारण एक वॅट उष्णता सोडतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या पंखांवर बसवावं लागतं, त्या पंखांवर भुसा साचतो, आणि तो बिघडला की तोही बहुधा शॉर्ट होऊन, म्हणजे चालू राहूनच बिघडतो. मला त्यात फायदा दिसत नाही.

मोटर तीन फेजची असेल तर रिमोटने एकच फेज तोडणं हा मूर्खपणा ठरतो. उरलेल्या दोन फेजवर मोटर घरघरत तापते. तीन पोलचा काँटॅक्टर हवा. आणि मोटरपुढे वेग बदलणारा ड्राइव्ह असेल तर ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये काहीही तोडायचं नाही. ड्राइव्हवर चालू-बंद करण्यासाठी कमी व्होल्टच्या वेगळ्या खुंट्या असतात, रिमोटचा रिले तिथे जोडायचा. यातली जोडणी मुख्य विजेवरची आहे. ज्याला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग डोळे मिटून ओळखता येत नाहीत त्याने ती वायरमनकडून करून घ्यावी.

वीज जाऊन परत आली तर?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. समजा कलेक्टर चालू आहे, वीज गेली. तुम्ही म्हणालात, चला तेवढ्यात फिल्टरची पिशवी झटकू. पिशवी सोडली, हात आत, आणि वीज आली. काय होईल?

ते रिसीव्हर कसा आहे यावर ठरतं. काही रिसीव्हर वीज आल्यावर बंद अवस्थेत उठतात. काही आधीची अवस्था लक्षात ठेवतात आणि लगेच मोटर चालू करतात. विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी एक दिवा जोडून हे तपासावं: दिवा लावायचा, प्लग काढायचा, परत घालायचा.

त्याहून पक्की सोय म्हणजे हिरव्या-लाल बटणांच्या स्टार्टरची जुनी युक्ती. हिरवं बटण दाबलं की काँटॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच एका जादा ठिपक्यातून स्वतःच्या कॉइलला वीज देत राहतो. स्वतःचा हात स्वतःच धरून उभा राहतो म्हणा. वीज गेली की तो हात सुटतो, आणि परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत काही होत नाही. लाल बटण फक्त तो हात सोडवतं.

याला रिमोट जोडायचा तर दोन बटणांचा, दोन रिले असलेला रिसीव्हर घ्यायचा, आणि तो ‘दाबलं तेवढा वेळच चालू’ या पद्धतीवर ठेवायचा. बहुतेक रिसीव्हरमध्ये त्यासाठी एक छोटी पिन हलवावी लागते. पहिल्या रिलेचे ठिपके हिरव्या बटणाला समांतर. दुसऱ्या रिलेचे, एरवी जुळलेले असतात ते ठिपके, लाल बटणाशी एका ओळीत. झालं. आता भिंतीवरची बटणंही चालतात आणि खिशातलीही, आणि वीज परत आल्यावरचा धोकाही उरत नाही.

याचा एक अनपेक्षित फायदा झाला. स्वस्त रिमोटवर एकच बटण असतं. एकदा दाबलं चालू, परत दाबलं बंद. कानावर आवाज रोखणारे कप आहेत, टेबल सॉ गरगरतेय, कलेक्टर चालू आहे की नाही ऐकूच येत नाही. दाबलं की झालं असेल असं वाटतं, आणि कधीकधी नेमकं उलटं झालेलं असतं. चालूला वेगळं बटण आणि बंदला वेगळं असलं की हा गोंधळ होत नाही. चालू दहा वेळा दाबलं तरी चालूच.

रिमोटने बंद करणं म्हणजे खरं बंद नव्हे

पंख्यात तुकडा अडकला, पाइप तुंबला, पिशवी बदलायची आहे: प्रत्येक वेळी प्लग काढायचा, किंवा कुलूप लावता येणारा मुख्य स्विच पाडायचा. रिमोट खिशात असला तरी. वाकल्यावर खिशातलं बटण मांडीखाली दबतं, हे मी एकदा अनुभवलंय. सुदैवाने तेव्हा हात बाहेर होता. शिवाय बंद केल्यावरही तो जड पंखा बराच वेळ फिरत राहतो. आवाज थांबला म्हणजे पंखा थांबला असं नाही.

दुसऱ्या कुणाच्या रिमोटने आपलं यंत्र सुरू होण्याची शक्यता किती? जुन्या पद्धतीच्या रिमोटमध्ये छोट्या आठ खटक्यांनी आकडा ठरवतात. खटक्याला दोन जागा असल्या तर 256 जुळण्या होतात, तीन असल्या तर 6561. आणि बहुतेक जण कारखान्यातून आलेले खटके हलवतही नाहीत, म्हणजे व्यवहारात जुळणी एकच. एका छपराखाली दोघांनी एकाच जातीचे स्विच घेतले तर भूत लागल्यासारखे प्रकार होतात. आजकालच्या ‘शिकणाऱ्या’ रिमोटमध्ये प्रत्येक चिपला 20 बिटांचा आकडा कारखान्यातच दिलेला असतो, त्यात 10,48,576 शक्यता येतात. वर्कशॉपला तेवढं पुरे आहे. बदलत्या आकड्यांचे रिमोट गॅरेजच्या दारासाठी असतात, चोराला रोखायला. आपला भुसा चोरायला कोणी येत नाही.

रिमोट ‘पोचत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा कारण बहुतेकदा दोनांतलं एक. पहिलं, सेल. दुसरं, कुणीतरी नीटनेटकेपणासाठी रिसीव्हर काँटॅक्टरसकट लोखंडी पेटीत बंद केलेला असतो, आणि लोखंडी पेटीत रेडिओ लहर शिरत नाही. रिसीव्हर वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायचा, किंवा त्याची अँटेनाची तार प्लॅस्टिकच्या बुशातून बाहेर काढायची. 433 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 69 सेंटिमीटर, तिचा चौथा भाग 17.3; म्हणून अँटेनाची तार तेवढी लांब, सरळ आणि मोकळी हवी. गुंडाळून कोपऱ्यात कोंबलेली तार ही अर्धी मेलेली अँटेना. मात्र स्वस्त रिसीव्हरमध्ये आतलं सर्किट मुख्य विजेपासून वेगळं केलेलं नसतं, त्यामुळे तारेचं टोकही जिवंत असू शकतं. तिच्यावर शेवटपर्यंत इन्सुलेशन ठेवायचं आणि आधी प्लग काढायचा.

बटणच नको असेल तर

यंत्र सुरू झालं की कलेक्टर आपोआप सुरू व्हावा, अशीही सोय होते. यंत्राच्या तारेभोवती एक कडं बसवायचं, त्याला करंट ट्रान्सफॉर्मर म्हणतात. तारेतून प्रवाह गेला की कड्यात इवलीशी वीज उपजते, आणि तिच्यावरून काँटॅक्टरला इशारा जातो. इथे हमखास होणारी चूक अशी की माणूस अख्खी केबल कड्यातून ओवतो. फेजमधून जाणारा प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह एकमेकांना पुसून टाकतात, आणि कड्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. केबलचं वरचं आवरण सोडवून दोन्हींतली एकच तार ओवायची.

चांगल्या यंत्रणेत दोन विलंब असतात. यंत्र सुरू झाल्यावर सेकंदभराने कलेक्टर, म्हणजे दोन्ही मोटरींचे ते 5-7 पट प्रवाह एकाच क्षणी येत नाहीत. आणि यंत्र थांबल्यावर कलेक्टर आणखी पाच-सात सेकंद, म्हणजे पाइपातला भुसा पिशवीपर्यंत पोचतो. जाडी-रंधा, सँडर अशा मिनिटभर सलग चालणाऱ्या यंत्रांना हे झकास आहे. पण मायटर सॉचा, म्हणजे फळी आडवी कापणाऱ्या खाली ओढायच्या करवतीचा, विचार करा. काप दोन सेकंदांचा. कलेक्टर एका सेकंदाने जागा होणार, तीन सेकंदांनी वेगात येणार, तोवर काप संपून फळी बाजूला ठेवलेली. स्वयंचलित यंत्रणा मग स्वच्छ हवा ओढत बसते. अशा यंत्राला खिशातलं बटणच बरं: आधी कलेक्टर, दोन श्वास, मग काप.

सारखं दाबू नका

बटण खिशात आलं की आणखी एक सवय लागते. काप झाला, बंद. पुढचा काप, चालू. बंद. चालू. वीज वाचवतोय असं वाटतं. इथे थोडं गणित: तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 6 पट प्रवाह म्हणजे 36 पट उष्णता. सुरू व्हायला 3 सेकंद लागले तर त्या 3 सेकंदांत गुंडाळी ढोबळमानाने 108 सेकंद चालल्याइतकी तापते, तीही मोटरचा स्वतःचा थंडावा देणारा पंखा वेगात नसताना. दहा मिनिटांत वीस वेळा सुरू केलेली मोटर सबंध दहा मिनिटं चालू ठेवलेल्या मोटरपेक्षा कितीतरी गरम होते. एका तासात किती वेळा सुरू करायची याची मर्यादा मोटरच्या माहितीपत्रकात असते. ते हाताशी नसेल तर पाच मिनिटांच्या आत पुन्हा लागणार असेल तर चालूच ठेवावी, या नियमावर मी चालतो.

सुरू होण्याचा हा ताण कमी करायची एक सोपी युक्ती आहे, आणि ती पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते: पाइपांची सगळी गेटं, म्हणजे प्रत्येक यंत्राकडच्या पाइपात हवा अडवणारी झापं, बंद ठेवून कलेक्टर सुरू करायचा. वाट अडवली की मोटरवर ओझं वाढेल असं वाटतं ना? होतं उलट. असा पंखा जितकी हवा फेकतो तितकं काम करतो. हवा हललीच नाही तर त्याला फार काम नाही. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर तळवा धरला की मोटरचा आवाज चढतो, तो ती दमल्यामुळे नाही, हलकी होऊन जोरात पळायला लागल्यामुळे. तसंच इथे. पूर्ण वेग आला की हव्या त्या यंत्राचं गेट उघडायचं.

आणि एकच उघडायचं. 4 इंची पाइपात भुसा खाली न बसता वाहत राहायला हवेला सेकंदाला 20 मीटरच्या आसपास वेग लागतो, म्हणजे तासाला जवळपास 580 घनमीटर हवा. तीन गेटं उघडी राहिली तर ती हवा तिघांत वाटली जाते आणि भुसा आडव्या पाइपात ढीग करून बसतो. काही जण गेटवरच मायक्रोस्विच लावतात, गेट उघडलं की कलेक्टर चालू. 24 व्होल्टच्या तारेवर सगळे स्विच समांतर जोडले की रिमोटचीही गरज उरत नाही. गेटं बंद ठेवून सुरू करायची युक्ती मात्र त्यात हातची जाते. छोट्या कलेक्टरला त्याने काही बिघडत नाही.

माझ्याकडे आता दोन रिमोट आहेत. एक टेबल सॉच्या पुढच्या रुळाखाली चिकटवलेला, गुडघ्याने दाबता येईल असा. दुसरा ॲप्रनच्या छातीवरच्या खिशात, मांडीपासून लांब. काँटॅक्टरच्या मोटरकडच्या बाजूला एक दिवा जोडलाय. रिसीव्हरवरचा दिवा निरोप पोचला एवढंच सांगतो, हा दिवा मोटरला खरोखर वीज मिळतेय का ते सांगतो. आणि कलेक्टरच्या हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडाशी लाल कापडाची पट्टी बांधलीय. कानावर कप असले तरी ती फडफडताना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते, आणि फिल्टर गच्च झाला की दिवा लागलेला असूनही ती मरगळून लोंबते.